दोन एकर सोयाबीन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही: आमच्या दाएंगशी मी दहा वर्षं खोटं बोललो, तेही बायकोच्या देखत.

कॅनडात किचनरमधले आमचे शेजारी दाएंग इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावरचे, बुगिस समाजाचे. दाएंग म्हणजे त्यांच्याकडे दादा. विंटरमध्ये ते आमच्याही ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायचे, आणि नवा पुरुष भेटला की नावाआधी विचारायचे, "लग्नात बायकोला काय दिलंस?" स्वतः त्यांनी मेहर म्हणून नारळाची पाच झाडं दिली होती. "झाडं तिची. गावी गेलो की अजून तिला विचारूनच नारळ पाडतो."

मलाही विचारलं. मी पडलो पुरोगामी घरातला. आमच्यात हुंडा घेत नाहीत. फक्त वॉटर्लूला माझं मास्टर्स व्हावं म्हणून लातूरच्या सासऱ्यांनी स्वखुशीने दोन एकर विकले होते. स्वखुशीने, म्हणजे माझ्या वडिलांना दोनदाच आठवण करून द्यावी लागली. "शेत दिलं," मी म्हणालो, "दोन एकर." आकडा तेवढा खरा होता. सुजाता चहा घेऊन उभी होती. तिच्या हातातला ट्रे हललासुद्धा नाही.

झालं! मुलीचं लग्न ठरवताना दाएंगनी मला मानाने बसवलं. त्यांच्यात मेहर वेगळी, आणि लग्नखर्चासाठी मुलाकडून येते ती पनाई वेगळी. मुलगी जितकी शिकलेली, तितकी पनाई मोठी. "डॉक्टरेट आहे आपली पोर, कमी सांगू नकोस," त्यांची बहीण कुजबुजली. दाएंग म्हणाले, "पनाईतून मुलाने कष्ट शिकावेत, कर्ज नाही. आणि डॉक्टरेट तिची, मी कोण विकणारा?" मग माझ्याकडे बोट दाखवलं, "शिकलेला माणूस असा असतो!" मी विनयाने मान खाली घातली. विनय मला छान जमतो.

त्यानंतर दर फॉलमध्ये दाएंग विचारायचे, "सिस्टर, यंदा शेतात काय?" सुजाता शांतपणे सांगायची, "सोयाबीन." एका वर्षी तर तिने पाऊस कमी झाल्याचंही सांगितलं.

गेल्या मार्चमध्ये दाएंग कायमचे गावी निघाले. टॅक्सीत बसता बसता विचारलंच, "सिस्टर, पीक?"

"शेत कधीच विकलं, दाएंग."

ते माझ्याकडे वळले. "तिला विचारलं होतंस ना?"

मी मान हलवली. हो म्हणून.

दाएंगना फोन करून खरं सांगायचं राहिलंय. आणि सुजाताचे दोन एकर मी देणं लागतो.