केसरकाकीच्या गच्चीवरचे बोंबील

...तर चंदर शिडी चढून गच्चीवर गेला, इथवर काल सांगितलं होतं. गेला आणि डोक्याला हात लावून बसला.

आगरदांड्याच्या अलीकडे, आमच्या कोळीवाड्यात चंदर गवंडी म्हणजे खाऱ्याचा वैरी. वाळूचा टेम्पो आला की हा आधी चिमूटभर वाळू जिभेवर ठेवणार. खारट लागली की टेम्पो परत! टेम्पोवाले म्हणतात, "याला वाळू नको, ताट वाढा." मीही पोट धरून हसलोय. पण त्यानं बांधलेल्या घराचं लोखंड फुगून सिमेंट गळलेलं अजून मी पाहिलं नाही.

केसरकाकीचं घर त्याचंच. पुढच्या मजल्यासाठी खांबांच्या सळया गच्चीवर छातीएवढ्या सोडल्या, सिमेंटचं पाणी चोपडलं, वर प्लास्टिक गुंडाळलं आणि दहादा बजावलं, "काकी, याला हात लावू नको."

काकीनं काय करावं? बोंबील वाळवायची दोरी प्लास्टिकवरून सरकते म्हणून ते काढलं आणि थेट सळयांना दोऱ्या बांधल्या! ऊन झकास, वारा झकास. दोन हंगाम ओले बोंबील तोंडात तोंड अडकवून तिथंच सुकले आणि खारं पाणी सळयांवरून ठिबकत राहिलं.

आता तिच्या विनेशचं लग्न ठरलं, वर खोली हवी. चंदरनं कोयत्यानं सळई खरवडली, तर पापुद्रेच सुटले. अंगठ्याएवढी सळई करंगळीएवढी उरलेली.

"रंग मार की वरून!" काकी अंगणातून ओरडली.

"कुजलेल्या म्हावऱ्याला हळद लावून ताजं होतं काय गो काकी?"

"मग करतोस काय?"

"खांब फोडायचे, चांगलं लोखंड लागेपर्यंत. त्याला नवीन जोडायचं. महिना जाईल."

"लग्न वीस दिवसांवर हाय, मेल्या! सून कुठं निजेल? बोंबलांच्या टोपलीत?"

मला हसू आवरेना, पण चंदर काही हसला नाही. कोयता आपटत खाली आला. "सांगून सांगून माझी जीभ झिजली. ऐकतं कोण?" असं पुटपुटत हत्यारं पिशवीत भरायला लागला.

काकी मऊ झाली. त्याचा हात धरून म्हणाली, "चंदर, बाबा, एवढ्या वेळेला बांध. पुढचं पुढं बघू."

तेव्हा तो म्हणाला ते शब्द न् शब्द सांगतो:

"लग्न ठरल्या दिवशीच कर, काकी. तुझी सून महिनाभर माझ्या खोलीत निजेल, आम्ही पडवीत झोपू. पण या लोखंडावर मी एक वीट ठेवणार न्हाय."