पांघरुणातलं पातेलं

घर सोडण्याच्या आदल्या दिवशी काडीचं वजन झालं ते बाजारातल्या काट्यावर, कांद्याची दोन पोती उतरण्याच्या मधल्या वेळात. पोरगी अंगानं हडकुळी, म्हणून घरात तिचं नावच काडी पडलेलं. वडील तिथे मापाडी, उभा जन्म पोती तोलण्यात गेलेला माणूस. औषधाच्या दुकानातल्या काट्यांना ते खेळणी म्हणायचे. काटा सत्तेचाळीसवर थांबला आणि बाबांनी अट घातली. दोन महिन्यांनी इथेच, याच काट्यावर. एक किलो घट माफ. त्याच्या पुढे गेलीस, तर शहरातली भाड्याची खोली सोडायची आणि आत्याकडे राहायचं.

आत्या प्रेमळ होती, तिच्या हाताला चवही होती. पण तिचं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आणि तिकडची शेवटची बस साडेसहाची. काडी शिकत होती प्रयोगशाळा तंत्रज्ञ व्हायला, आणि कॉलेजातली प्रात्यक्षिकं चालायची सातपर्यंत. आत्याकडे गेली की शिक्षणावर पाणी.

खाणावळ परवडत नव्हती, त्यामुळे हातानं रांधणं आलं. खोली मिळाली होती इस्पितळातून निवृत्त झालेल्या एका मेट्रनच्या घरात. पाच मुली, एक शेगडी, एक सिलिंडर. सकाळी प्रत्येकीला पंधरा मिनिटं. मेट्रनबाई मनगटावरचं घड्याळ बघत सिलिंडरपाशी उभ्या राहायच्या आणि वेळ झाली की खटका बंद. पातेल्यात कुणाचं काय अडलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

काडीचं रोजचंच अडायचं. डाळ मऊ झाली तर बटाटा कडक, बटाट्यासाठी थांबावं तर वेळ संपलेली. शेजारच्या कॉटवरची म्हणायची, "अगं, तुझ्या जेवणाचा कुडुमकुडुम आवाज येतो. आम्ही ऐकत बसतो." तिसऱ्या आठवड्यात गाडी चहा-पावावर आली. धीर करून ती औषधाच्या दुकानातल्या काट्यावर उभी राहिली. चव्वेचाळीस. खेळणं असलं तरी ते तीन किलोंनी चुकणार नव्हतं.

दुसऱ्या सकाळी तिनं तांदूळ, डाळ, गाजर सगळं एकाच पातेल्यात ढकललं. आता कुठे रटरटायला लागलं होतं, तेवढ्यात खटका बंद. ओट्यावर ठेवावं, तर पुढची मुलगी ते खिडकीच्या गार कठड्यावर सरकवणार हे ठरलेलं. काडीचं डोकंच फिरलं. तिनं पातेलं उचललं, झाकणावरून टॉवेल घट्ट बांधला, खोलीत नेऊन स्वतःच्या कॉटवर ठेवलं, वरून रजई लपेटली आणि धावत कॉलेज गाठलं.

अकराच्या सुमाराला मेट्रनबाई खोल्या बघायला निघाल्या. काडीच्या कॉटवर कुणीतरी डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलेलं, तेही बाहेरच्या माणसाला सक्त मनाई असलेल्या घरात. बाईंनी हाक मारली. हूं नाही की चूं नाही. रजईत हात घातला तर आतून ऊब लागली.

दुपारच्या सुट्टीत काडी जेवायला परतली, तेव्हा बाई कॉटसमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"सत्तावीस वर्षं मी पेशंटना पांघरुणं घातली," त्या म्हणाल्या. "हा पेशंट कोण?"

काडीनं खरं ते सांगून टाकलं, वजनासकट. बाईंनी ऐकून घेतलं आणि झाकण काढायला लावलं. भपकन वाफ आली. भाताचा दाणा न् दाणा फुललेला, गाजर बोटानं दाबलं की दबतंय. शेगडी बंद झाली तरी उष्णता आत कोंडून राहिली होती आणि बिनबोभाट तिचं काम करत होती.

"ताप उतरू दिला नाहीस त्याचा," बाई चमचा मागत म्हणाल्या. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. "मीठ विसरलीस."

त्या दिवसापासून काडीच्या प्रयोगवहीची मागची पानं भरू लागली. पाणी किती, किती मिनिटं खळखळ उकळायचं, किती वाजता उघडायचं. हरभरे आधी हट्टाला पेटले, जास्त भिजवल्यावर वठणीवर आले. बटाटे, अंडी, भोपळा, सगळे रजईत राहून आले. एकदा गादीवर डाळ सांडली, तर शेजारीण म्हणाली, "बाळानं अंथरूण ओलं केलं का गं?" आठवडाभरात तिचंही पातेलं तिच्या कॉटवर निजायला लागलं. मग उरलेल्या तिघींची. सकाळी मेट्रनबाई खोल्यांतून वॉर्डात फिरावं तशा फिरायच्या, एखादीची सुटलेली रजई नीट खोचायच्या. सिलिंडर इतका टिकला की त्यांनी आपण होऊन प्रत्येकीला पाच मिनिटं वाढवून दिली. काडीला ती लागलीच नाहीत.

दोन महिने भरले तशी ती बाजारात हजर झाली. बाबांनी तिला बूट काढायला लावले, पिशवी खाली ठेवायला लावली, खिसे उलटे करून दाखवायला लावले. हमाल हातातली कामं टाकून भोवती जमले. काटा हलला, डुलला, थांबला.

एकोणपन्नास.

बाबांना पटेना. त्यांनी तिला उतरवून वीस किलोचं लोखंडी वजन ठेवून पाहिलं. काटा बरोबर होता. तिला पुन्हा चढवलं. एकोणपन्नासच.

"कुणाकडे जेवतेस?" त्यांनी हळूच विचारलं.

"माझ्याकडे," काडी म्हणाली.

 बाबांनी खिशातून फोन काढला. "ताई, पोरगी येत नाही तुझ्याकडे. अगं, खंगायला काय झालंय तिला? एकोणपन्नास भरलीय. तूच चल एकदा तिच्याकडे जेवायला." मग फोन ओळखीच्या एका कांदा व्यापाऱ्याला लावला, मग धाकट्या भावाला. काडी काट्यावरच उभी राहून ऐकत होती. व्यापाऱ्याला सांगताना ती पन्नास किलोंची झाली होती, काकाला सांगताना बावन्न.