साडेनऊ महिन्यांची कोरी जागा

बालितच्या बारांगाय, म्हणजे गावच्या, कचेरीत चारित्र्याचा दाखला मागायला निघालेला माणूस आपण आजवर काय काय केलंय ते घरूनच आठवून यायचा, कारण कचेरीत टेबलामागे पुरिंगबाई बसलेल्या असायच्या. फिलिपिन्समधल्या बातांगासच्या किनाऱ्यावरची ही जेमतेम तीनशे घरांची वस्ती. प्रमुख दर निवडणुकीला बदलत, पुरिंगबाई मात्र एकतीस वर्षं सचिव. परदेशी जाणाऱ्याला मनिलाहून गुन्हे नसल्याचा दाखला लागे, त्यासाठी आधी शहरातल्या पोलिसांचा लागे, आणि त्या पोलिसांना सगळ्यात आधी बारांगायचा कागद हवा असे. म्हणजे दुबई असो, जहाज असो की कॅनडा, बालितकरांचा रस्ता पुरिंगबाईंच्या टेबलावरूनच जायचा, आणि हे त्या कुणाला विसरू देत नसत.

"एफ्रेन, त्या कुत्र्याचं काय झालं?"

जहाजावर नोकरी लागलेला एफ्रेन गोंधळला. "कुठलं कुत्रं, पुरिंगबाई?"

"शेजाऱ्याचं. सहा वर्षांपूर्वी तू दगड घातलास ते. अजून लंगडतंय."

"बाई, ते तर मेलं गेल्या वर्षी!"

"बघ, म्हणजे तुला सगळं माहीत आहे," असं म्हणून त्यांनी तक्रारवही उघडली, शेजाऱ्याला बोलावून आणलं, दोघांच्या सह्या घेतल्या आणि मगच एफ्रेनचा दाखला टाइप केला.

ही तक्रारवही म्हणजे त्यांचा जीव की प्राण. दारूच्या नशेतली हाणामारी, चोरलेली कोंबडी, दिराने टाकलेलं कुंपण, सगळं तिच्यात उतरायचं. भांडण मिटलं की तक्रार करणारा आणि ज्याच्यावर तक्रार तो, दोघांनी खाली सही करायची, काय निष्पन्न झालं ते लिहायचं आणि नोंद बंद. एकतीस वर्षांच्या वह्यांत फक्त एक नोंद उघडी राहिली होती. ती खुद्द पुरिंगबाईंची होती, त्यांच्या खिडकीशी आलेल्या एका परक्या माणसाबद्दलची. तो कधी सापडलाच नाही, आणि याचा त्यांना अजून राग होता.

संशय त्यांच्या रक्तातच होता. मासळीवाल्याने माशाचा कल्ला लाल दाखवला तर हा रंग लावून तर आणला नसेल ना, असं त्यांना वाटायचं. प्रार्थनेत पाद्री डोळे मिटायचा तेव्हा त्या उघड्या ठेवायच्या. खरं सांगायचं तर अशा बाईशी संसार करणं सोपं नव्हतं. नवरा इसिद्रो सुतार होता, नाकासमोर चालणारा, चार शब्दांच्या जागी दोन बोलणारा. त्याच्यावर मात्र त्यांनी पस्तीस वर्षांत कधी संशय घेतला नव्हता. लोक म्हणत, त्याच्यात संशय घेण्यासारखं आहे तरी काय!

मग दोन हजार चौदा साली लेकीचा फोन आला. मारिकार कॅनडात, विनिपेगला नर्स होती. पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं आणि तिने आई-बाबांना कायमचं बोलावून घ्यायचा अर्ज भरायला घेतला होता.

"नानाय, नीट ऐक. वयाच्या अठराव्या वर्षापासून जिथे जिथे सहा महिन्यांहून जास्त राहिलात, त्या प्रत्येक देशाच्या पोलिसांचा दाखला लागतो. तातायला, म्हणजे बाबांना, सौदीचा लागेल, तिथे नोकरीला होते ना ते. आणि राहण्याच्या तक्त्यात एक महिना म्हणून कोरा ठेवायचा नाही. काही लपवलं असं त्यांना वाटलं ना, तर अर्ज फेटाळतात, वर पाच वर्षं बंदी. माझं बाळ शाळेत जायला लागेल तोवर."

"मला शिकवतेस?" पुरिंगबाई म्हणाल्या. "अगं, मी दाखले देते."

सौदीच्या दाखल्यासाठी जुना पासपोर्ट हवा होता. इसिद्रोने तो कपाटावरच्या बिस्किटांच्या डब्यातून काढला, पण हातात द्यायला क्षणभर उशीर केला. दुसऱ्या कुणी ते पाहिलंही नसतं. पुरिंगबाईंनी पाहिलं, आणि मनात शंकेची पाल चुकचुकली.

तो कामावर गेल्यावर त्या चष्मा लावून शिक्के वाचायला बसल्या. सौदीतून बाहेर, एक मार्च एकोणीसशे चौऱ्याऐंशी. मनिलात आगमन, दोन मार्च. त्यांनी पुन्हा वाचलं. इसिद्रो घरी आला होता त्या वर्षीच्या वीस डिसेंबरला, चॉकलेटं, साबण आणि टॉवेलांनी भरलेला खोका घेऊन. सगळी आळी बघायला लोटली होती. मारिकार तेव्हा सहा महिन्यांची होती. मग मार्च ते डिसेंबर हा माणूस होता कुठे? या काळात तर सौदीचं तिकीट लावलेली पत्रं येत होती, थोडेथोडके पैसेही येत होते. एकदा तर मित्राच्या हाती त्याच्या आवाजाची कॅसेटही आली होती.

कॅसेट त्याच डब्यात होती. शेजारणीकडून टेपरेकॉर्डर आणून पुरिंगबाईंनी ती लावली. तीस वर्षांपूर्वीचा इसिद्रो खरखरत बोलू लागला. बाळाला माझा पापा दे, इथे फार ऊन आहे, जेवण बरं आहे. आणि त्याच्या आवाजामागे, दूर रस्त्यावर, कुणीतरी लांबलचक हेल काढून ओरडत होतं, "बलूऽऽत!"

पुरिंगबाईंनी कॅसेट मागे नेली आणि परत ऐकली. शंकाच नको. बदकाची उकडलेली अंडी विकणारा फेरीवाला. आता सौदीच्या वाळवंटात बदकाची अंडी कोण विकतं?

मनिलात दुसरं घर! याखेरीज बायकोपासून साडेनऊ महिने लपायचं कारण काय असणार? आणि तिथे एखादं पोर झालं असेल आणि अर्जात लिहिलं नाही, तर सगळंच संपलं. नातवंडाचं तोंडही बघायला मिळणार नाही. ज्या एका माणसावर कधी संशय घेतला नाही त्यानेच केसाने गळा कापावा, हे त्यांना सहन होईना.

पुढचे तीन दिवस त्या त्याच्यावर पाळत ठेवून होत्या. त्याच्या खिशातल्या चिठ्ठ्या वाचल्या. साठीच्या सुताराच्या खिशात काय असणार? बिजागऱ्यांची मापं. मडक्यात शिजवलेली मासळी त्याच्या पानात वाढताना त्या त्याच्या चेहऱ्याकडे इतक्या रोखून बघत, की त्याने शेवटी विचारलं, "मासा नासलाय का?"

"तुलाच माहीत काय नासलंय ते," त्या म्हणाल्या.

चौथ्या दिवशी सकाळी इसिद्रो धुतलेला सदरा घालून कचेरीत आला. नियम सगळ्यांना सारखा. बारांगायचा कागद त्यालाही लागणारच होता. रांगेत पुढे दोन बायका होत्या. त्या गेल्यावर पुरिंगबाईंनी उठून दार लोटलं, परत खुर्चीत बसल्या आणि टाइपरायटरमध्ये कागद सरकवला.

"नाव?"

"पुरिंग, हे काय आता?"

"इथे पुरिंग नाही, सचिव आहे. नाव सांगा तुमचं."

"इसिद्रो मगसिनो," तो म्हणाला, आणि नकळत हातातली टोपी छातीशी धरून उभा राहिला.

"दोन मार्च ते वीस डिसेंबर, चौऱ्याऐंशी. पत्ता सांगा."

इसिद्रोने टोपी हातात फिरवली.

"बाईचं नाव सांगा मग. मुलं किती? लपवू नका, मला अर्जात लिहायचंय."

"कसली बाई?"

"मग काय बदकाची अंडी विकत होतास मनिलात?" आवाज चढला आणि 'तुम्ही' गळून पडलं. "कॅसेट ऐकलीय मी!"

इसिद्रो बाकावर बसला. जमिनीकडे बघतच तो बोलू लागला.

"कंपनी बुडाली. रातोरात सगळ्यांना विमानात बसवलं. शेवटचे पगारही दिले नाहीत. विमानतळावर उतरलो तेव्हा माझ्याकडे एक पिशवी होती, बास. मनिलाजवळच्या नवोतासच्या मासळी धक्क्यावर टोपल्या उचलायला लागलो. तिथेच पडवीत झोपायचो. पत्रं सौदीत दम्मामला असलेल्या मित्राला धाडायचो, तो तिथून टाकायचा. खोक्यातला साबण, चॉकलेटं, सगळं मनिलाच्या बाजारातलं. ते जमेपर्यंत डिसेंबर आला."

"आणि घर? घरी यायला काय झालं होतं? मी पोटुशी होते, इसिद्रो!"

"रिकाम्या हातांनी?"

"मी काय खाल्लं असतं तुला?"

त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. "तुझा भाऊ जहाजावरून लवकर परत आला होता, आठवतं? जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर तू काय म्हणालीस? 'चोरी केली असणार, नाहीतर कोण काढतं?' तुझ्या सख्ख्या भावाला. तो आजपर्यंत आपल्या घरी जेवला नाही. मी येऊन काय सांगणार होतो तुला? कंपनी बुडाली? तू विश्वास ठेवला असतास?"

खोटं बोलायची पुरिंगबाईंना सवय नव्हती. ठेवला नसता.

"निदान पोरीला तरी बघायला यायचं होतंस," त्या हळूच म्हणाल्या.

"आलो होतो."

"कधी?"

"ऑगस्टात. संध्याकाळच्या बसने. ठरवलं होतं, फक्त बघायचं आणि परत जायचं. खिडकीशी पाळणा होता. तिने मूठ तोंडात घातली होती. मी नीट बघतोय तोवर तू केवढ्यानं ओरडलीस! शेजारी दांडकी घेऊन धावले. मी उसातून पळालो." तो किंचित हसला. "दुधाचा डबा आणला होता. तो तिथेच राहिला. निदान तो तरी तुला मिळाला, असं म्हणत आलो इतकी वर्षं."

पुरिंगबाई उठल्या. मागच्या कपाटात, सगळ्यात खालच्या खणात, वाळवीने कडा खाल्लेली चौऱ्याऐंशीची वही होती. पान शोधायला त्यांना वेळ लागला नाही. अक्षर त्यांचंच, तरुण आणि ठसठशीत:

"चौदा ऑगस्ट, सायंकाळी सहा. सचिवांच्या घराच्या खिडकीशी अनोळखी इसम. दाढी वाढलेली, अंगाला मासळीचा वास. पाळण्यातील मुलीकडे टक लावून पाहत होता. ओरडताच पळाला. मागे दुधाच्या पावडरीचा बंद डबा. विष असल्याचा संशय. डबा समुद्रात फेकला. तपास चालू."

तो आठवडा त्यांना आठवला. दूध आटलं होतं, दुकानात उधारी बंद झाली होती, आणि त्या पोरीला भाताची पेज पाजत होत्या. आणि आपल्याच हाताने डबा पाण्यात भिरकावून घरी येताना त्यांना स्वतःच्या सावधपणाचा केवढा अभिमान वाटला होता!

इसिद्रो चष्मा नसल्याने वही लांब धरून वाचत होता. 'विष' या शब्दाशी त्याचं बोट थांबलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं पुरिंगबाईंना वाटलं.

त्या खुर्चीत बसल्या. टाइपरायटरमधल्या कागदावर शेवटची ओळ छापलेलीच होती, ती प्रत्येक दाखल्यावर असे: सदर इसमाविरुद्ध या कचेरीच्या वहीत कोणतीही तक्रार प्रलंबित नाही. एकतीस वर्षांत या ओळीखाली त्यांनी एकदाही खोटा शिक्का मारला नव्हता.

"सही कर इथे," त्यांनी वही त्याच्याकडे फिरवली.

"कुठे?"

"ज्याच्याविरुद्ध तक्रार, तिथे."

त्याने केली. मग पुरिंगबाईंनी तक्रार करणाऱ्याच्या जागी सही केली. एक ओळ उरली होती, तपासात काय निष्पन्न झालं त्याची. त्यांनी डोळे पुसले, पेन झटकलं आणि तीस वर्षांच्या जुन्या शाईखाली लिहिलं:

"डब्यात दूधच होतं."