पाणी अजून गढूळच होतं

इंदूरच्या इस्पितळात लॅबच्या खिडकीपाशी मी ताईच्या रिपोर्टसाठी उभा होतो, तेव्हा दाजींचा फोन आला. "आता रिपोर्ट राहू दे," एवढंच म्हणाले. खिडकीतल्या माणसाने तेवढ्यात कागद पुढे सरकवला, आणि मी तो घेतलाही... त्याला आता सहा आठवडे झाले.

सुमनताई माझी थोरली बहीण. बऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातल्या एका शाळेत गणित शिकवायची. दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा आठवड्यातून तीनदा इस्पितळात मशीनला जोडून घेणं तिने नाकारलं. शाळा सुटली असती. त्यापेक्षा पोटातून होणारं डायलिसिस तिला चालणार होतं. पोटात बसवलेल्या नळीतून पिशवीतलं औषधी पाणी आत सोडायचं, काही तासांनी काढायचं, दिवसातून चारदा. तीन वर्षं तिने हे असं निभावलं, की ती आजारी आहे हे आम्ही विसरूनच गेलो.

मार्चमध्ये एका सकाळी पोटातून निघालेलं पाणी गढूळ आलं. तसं दिसताच इस्पितळ गाठायचं, हे तिला पाठ होतं. ती शाळेत गेली. संध्याकाळी पोट धरून मला म्हणाली, "पोरांचा पेपर होता रे भाऊ... कसं सोडणार?"

तिला इंदूरला दाखल केलं; पोटात जंतुसंसर्ग झाला होता. रोज सकाळी रक्तातलं सीआरपी तपासत. शरीरात कुठेतरी आग लागली आहे, एवढं तो आकडा सांगतो, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. पाचव्या दिवशी आकडा निम्म्यावर आला. मी जैनाबादच्या काकांपासून सगळ्यांना फोन केले. डॉक्टर मात्र म्हणाले, "आकडा उतरला, पण पाणी अजून गढूळच आहे. नळी काढावी लागेल." नळी काढणं म्हणजे मशीन. ताई माझ्याकडे बघत राहिली. "उतरतोय ना आकडा... दोन दिवस थांबू," ती म्हणाली. दाजी औषधं आणायला खाली गेले होते. डॉक्टरांनी मला विचारलं, आणि मी म्हणालो, "थांबू या."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी आकडा दुपटीने वर गेला. नळी काढली, पण विष तोवर रक्तात पसरलं होतं. नळी आधी काढली असती तरी ती वाचली असती असं सांगता आलं नसतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. खरं असेल... किंवा माझ्यासाठी म्हणाले असतील.

गेल्या रविवारी लोधीपुऱ्यात ताईच्या खोलीत बसून 'थांबू या' मीच म्हणालो होतो, हे मी दाजींना सांगितलं. पिशवी बदलताना धूळ उडू नये म्हणून त्या खोलीत पंखा बंद आणि दार लावलेलं असे. वैशाखातलं बऱ्हाणपूर, दोघांचे सदरे घामाने भिजलेले. दाजी म्हणाले, "ती कुणाचं ऐकत होती का?" चार वाजले, तिच्या दुपारच्या पिशवीची वेळ. ते उठले, दार लावून पुन्हा माझ्याशेजारी येऊन बसले. पंखा दोघांनीही लावला नाही.