लेले बाईंचे दोन डबे

लेले बाई आमच्या घरी आल्या की चपला काढून थेट स्वयंपाकघरात शिरायच्या आणि तळणीच्या तेलावरचं झाकण उचलायच्या. "किती काळं झालंय मावशी हे! आता पोटात नाही, डब्यात." मला राग यायचा. तेल काय फुकट येतं? पण बाई हलायच्या नाहीत.

डोंबिवलीत आमच्याच इमारतीत त्या राहायच्या आणि मागच्या गल्लीतल्या शाळेत शिकवायच्या. शाळेच्या फाटकाशी त्यांनी एक मोठा डबा ठेवला होता. मुलांनी आणि आम्ही बायकांनी वापरलेलं तेल त्यात ओतायचं, मग गाडी येऊन नेणार आणि त्याचं डिझेल होणार. बाईंचं पालुपद एकच, "थंड करा, गाळा, मग ओता."

मीही ओतायला लागले. आम्ही कोळी, माझं तेल बोंबील तळलेलं. श्रावण लागला तशा शेजारच्या गोखले वहिनी फाटकातच म्हणाल्या, "हिच्या बोंबलांत मी उपासाच्या वड्यांचं तेल ओतू? शी!" त्यांचं बघून इतरांच्याही बाटल्या थांबल्या. अर्ध्या डब्यासाठी गाडी येत नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "दिवाळीपर्यंत भरला नाही तर उचला तो. नुसत्या मुंग्या होतात."

बाईंचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "माझं बंद करते, तुमचा डबा तरी वाचेल."

"मुळीच नाही," बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी तिथे दोन डबे. एक मासळीवाल्यांचा, एक बाकीच्यांचा.

दिवाळीच्या चकल्या झाल्या आणि दोन्ही भरले. गाडी आली. माणसाने दोन्ही डबे सगळ्यांसमोर एकाच पिंपात उपडे केले.

वहिनी बघतच राहिल्या. "अहो बाई, मग दोन कशाला ठेवलेत?"

"गाडीला एक चालतो हो. तुम्हाला चालत नव्हता."

मी मोठ्याने हसले. लपवलं नाही.

पुढे बाई निवृत्त झाल्या आणि ठाण्याला, नौपाड्यात लेकीकडे गेल्या. निघताना रडारड नाही. माझ्या तेलावरचं झाकण उचलून बघितलं, "ठीक आहे" म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या.

डबे अजून दोनच आहेत. गेल्या श्रावणात वहिनींचा काठोकाठ भरलेला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बाटली सरळ आमच्या डब्यात रिकामी केली. मी मागेच उभी.

"बघतेस काय? जागा होती."

घरी येऊन मी बाईंना फोन लावला. वाटलं, खूश होतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाळून ओतलं ना?"