रांगोळीचा समुद्रकिनारा

नवऱ्याला मी त्या दिवशी जे बोलले ते सगळं इथे लिहिता येणार नाही. पण त्यातला एक शब्दही मी परत घेणार नाही.

मुलगी पाचवीत. फ्रीमाँटच्या शाळेत प्रोजेक्टसाठी तिच्या वाट्याला डॉमिनिका आला, कॅरिबियन समुद्रातला इवलासा देश. दिवाळीत आम्ही मागच्या अंगणात किल्ला करतो, तसंच तिने प्लायवुडवर बेट केलं. विटांचे तुकडे, वर ओलं गोणपाट, त्यावर चिखल. डोंगर थेट समुद्रात उतरलेले. जंगल म्हणून अळीव पेरले आणि शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी त्यावर पाणी शिंपडायची. बेट ज्वालामुखीचं, म्हणून तिथली वाळू बहुतेक काळी, हे तिने मला दहादा ऐकवलं. ग्रिलमधला कोळसा कुटून तो काठाकाठाने पसरला.

शनिवारी मी तिला स्विमिंगला घेऊन गेले आणि इकडे नवऱ्याचे हात शिवशिवले. आम्ही परत आलो तर डोंगरांचे कडे कापून सपाट केलेले, कोळसा झाडून टाकलेला आणि बेटाभोवती पांढऱ्या रांगोळीचा रुंद किनारा. वर कागदी छत्र्यासुद्धा.

"अगं, आपण क्रूझवर गेलो होतो ना? कॅरिबियन म्हणजे बीच. मी बघितलंय यार."

त्या क्रूझवर या गृहस्थाने बुफे बघितला होता. बोट या बेटाला लागलीसुद्धा नव्हती. माझं डोकंच फिरलं. ऑफिसात त्याने लिहिलेल्या सॉफ्टवेअरच्या कोडला कोणी न विचारता हात लावला तर हाच माणूस आठवडाभर घर डोक्यावर घेतो.

ओल्या मातीत बसलेली रांगोळी निघेना. पुसायला गेले तर राखाडी लगदा झाला. कडे पुन्हा उभारून अळीव उगवायला वेळ नव्हता, सोमवारी प्रोजेक्ट द्यायचा होता. मुलगी रडली नाही. ग्रिलमधला कोळसाही संपला होता, तो लगदा झाकायला शेवटी तिनेच वरून आणखी रांगोळी टाकली. मला ते बघवेना.

सोमवारी बेट गाडीतून मीच शाळेत पोचवलं. बाईंनी डोंगर, जंगल सगळं सोडून नेमकं किनाऱ्याचं कौतुक केलं. असा बीच बघून आत्ता सुट्टीवर जावंसं वाटतंय, म्हणाल्या. आता ही सांगेल, तिथली वाळू काळी असते म्हणून, अशी मी वाट बघत राहिले. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"थँक यू," ती बाईंना म्हणाली. "माय डॅड फिक्स्ड इट."