गुरांच्या डॉक्टराला सांगितलेली गाठ

माझी धाकटी जाऊ सुंदरा म्हणजे आमच्या कडाव गावातलं एक अतरंगी पात्र! तीन म्हशी सांभाळते आणि आख्ख्या आळीला हसवते. धार काढायच्या आधी म्हशीची कास चारी बाजूंनी चाचपणार, कुठं घट्ट लागतंय का बघणार, मगच बादली खाली सरकवणार. स्वतःच्या अंगाकडं कधी ढुंकून बघितलं असेल तर शपथ.

मागं सरकारी दवाखान्याची आशाताई, नम्रता, आळीत आली. छातीत गाठ हाय का ते दर महिन्याला, पाळी येऊन गेल्यावर, बोटांनी कसं बघायचं ते समजावून गेली. सगळ्या बाया पदरात तोंड खुपसून खिदळल्या. सुंदरा म्हणते कशी, "अगं, ही तर आमची कास बघायची तऱ्हा!"

घरी येऊन तिनं खरंच बघितलं, आणि हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली.

आता नवऱ्याला सांगावं, मला सांगावं? नाय! बाईनं गाठलं कोणाला, तर म्हैस तपासायला आलेल्या गुरांच्या डॉक्टराला. किशोरभाऊ म्हशीखाली वाकलेले आणि ही म्हणते, "डॉक्टर, गाठ हाय. दुखत नाय."

त्यांनी कास चाचपली. "कुठाय? कास तर मऊ हाय."

"म्हशीला नाय वो, मला!"

किशोरभाऊ दचकून उठायला गेले ते थेट शेणात बसले. मी गोठ्याच्या दारात हसून हसून लोटपोट. पण ते तसेच बसून म्हणाले, "वयनी, हसण्यावारी नेऊ नका. आजच माणसांच्या डॉक्टरकडं जा." माझं हसू तिथंच जिरलं.

कर्जतला नेली. सोनोग्राफी झाली, गाठीत सुई घालून नमुना तपासायला पाठवला. रिपोर्ट येईस्तोवर मी बोटांवर दिवस मोजत होते. आणायला गेलो तर ही बया टेंपोत गाणी म्हणते! मी खेकसले. तर म्हणते, "जाऊबाय, मी रडले तर तुमाला कोण आवरंल?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "साधी गाठ आहे, कॅन्सर नाही. पण तपासणी चुकवायची नाही हं." सुंदरानं त्यांच्याच गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

दुपारी आळीत पेढे. प्रत्येकीला दरडावत होती, "तपासलंस का गं? आधी तपास, मग तोंड गोड!" आमच्या सासूबाई, येसूबाई, पेढा हातातच धरून बसल्या.

"सुंदरे, मला दोन वर्सं हाय गं अशी गाठ. सांगू कुनाला?"

सुंदरानं पेढ्यांचा डबा माझ्या हातात कोंबला. "लुगडं बदला आई. आत्ताच्या आत्ता निघायचं."